तारेतला प्रतिध्वनी

संगणक कक्षातील नेटवर्कची केबल मल्टिमीटरवर ठीक दिसते, तरी फाइल अडखळत येते. असे का? मल्टिमीटर तार अखंड आहे एवढेच सांगतो. वेगवान संदेशाला मात्र केबलचा ‘लाक्षणिक संरोध’ जाणवतो. तो तारांची जाडी, त्यांतील अंतर व आवरण यांवर ठरतो, लांबीवर नाही. आपल्या पीळदार केबलसाठी तो १०० ओहम असतो.

कनेक्टरपाशी पीळ जास्त उलगडला, की तारांतील अंतर वाढते, संरोध बदलतो आणि संदेशाचा काही भाग मागे फिरतो. उदाहरणार्थ, ५० ओहमच्या केबलला ७५ ओहमची जोडली, तर (७५ − ५०) ÷ (७५ + ५०) = ०.२, म्हणजे व्होल्टेजचा पाचवा हिस्सा परततो.

हे मोजण्यासाठी टीडीआर हे उपकरण केबलमध्ये विजेचा स्पंद सोडते. प्रतिध्वनीच्या उंचीवरून संरोध कळतो, वेळेवरून जागा. संदेश एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंमी जातो. प्रतिध्वनी १०० नॅनोसेकंदांनी आला, तर जाण्या-येण्याचे अंतर २० मीटर, म्हणून दोष १० मीटरवर!

म्हणूनच आम्ही प्रात्यक्षिकात बजावतो : कनेक्टर बसवताना पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका.