राखुंडी, मिश्री आणि घरचे मंजन
(बी. ए. द्वितीय वर्ष)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दंतमंजनावर लेख द्यायचा, हे ऐकून काही मित्र हसले. एखाद्या कादंबरीचे रसग्रहण लिही, असा सल्लाही मिळाला. परंतु शेलूबाजारच्या आजूबाजूच्या खेड्यांत वाढलेल्या मुलाला हा विषय क्षुल्लक वाटत नाही. 'मंजन' या एकाच शब्दाखाली आपल्याकडे तीन अगदी निराळ्या वस्तू वावरतात: चुलीतली राखुंडी, तंबाखूची मिश्री आणि झाडपाल्याचे चूर्ण. तिन्ही बोटाने लावतात, तिन्ही डबीत ठेवतात, तिन्हींना 'घरचे' म्हणतात. त्यामुळे जे विष आहे तेही औषधाच्या रांगेत जाऊन बसते. ही रांग मोडावी, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दात घासण्याचा विधी सविस्तर आला आहे. काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी; कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, असे तेथे सांगितले आहे. ही चारही झाडे आपल्या विदर्भातली आहेत, हे वाचून मला विशेष आनंद झाला. शिवाय मध, सुंठ-मिरी-पिंपळी, तेल व सैंधव यांच्या चूर्णाचाही उल्लेख आहे. पण माझ्या मते त्या सर्व वर्णनातली मोलाची अट वेगळीच आहे. हिरड्यांना इजा न होईल अशा मऊ कुंचल्याने दात घासावेत, असे सुश्रुत सांगतो. चरकाचेही सांगणे तेच. आपण झाडांची नावे पाठ केली आणि ही अट विसरलो.

राखुंडीच्या बाबतीत ती प्रकर्षाने आठवते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम व कॅल्शियम यांचे क्षार असतात. ते अल्कधर्मी असल्याने तोंडातील आम्लाचा जोर कमी करतात. म्हणून राख लावली की तोंड स्वच्छ वाटते. हा गुण खोटा नाही. अडचण आहे ती राखेतल्या खरेची. शेण गोळा करताना त्यात अंगणातली माती येते, गोवरी जळली तरी वाळूचा कण जळत नाही. मोहस् यांच्या काठिण्यमापनात दातावरील कठीण कवचाचा, म्हणजे एनॅमलचा, क्रमांक पाच आहे आणि वाळूतल्या गारगोटीचा सात. रोज सकाळी साताने पाचाला घासले तर काय होणार, हे सांगायला प्रयोगशाळा नको. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात. त्यामुळे झिजलेले कवच पुन्हा भरून येत नाही. खालचा थर मुळातच पिवळसर व मऊ असतो. कवच पातळ होते तसा तो अधिक दिसू लागतो. माणसाला वाटते दात पिवळे पडले, म्हणून तो आणखी जोराने राख रगडतो! गार पाणी लागताच कळ जाते ती त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट. पूर्वी चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जळत. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यापासून गॅस पुष्कळ घरांत पोहोचला, तरी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते, आणि ती चूल पेटवायला हाताशी येईल ती प्लॅस्टिकची पिशवी घातली जाते. ती राख भांड्यांनाही लावू नये, दातांची गोष्टच सोडा.

आता मिश्री. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईतो भाजायची आणि चुरून डबीत भरायची, एवढीच तिची कृती. दात दुखतो म्हणून कोणी तरी एकदा लावायला सांगते आणि पुढे ती आयुष्यभर सुटत नाही. माझ्या आजीचे तसेच झाले. दिवसातून तीन वेळा ती ओसरीवर बसून मिश्री लावायची, आणि नुसते दात घासून उठायची नाही. अर्धा अर्धा तास ती तोंडात धरून ठेवायची. मी विचारले तेव्हा म्हणाली, "मिश्री नाई लावली त डोक्स भनभनते बाप्पा, पोट बी साफ होत नाई." तिचे म्हणणे अगदी खरे होते, फक्त कारण दातांचे नव्हते. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते, शरीराला त्याची सवय लागते आणि वेळ चुकली की डोके भणभणते. बिडी ओढणाऱ्याला आपण व्यसनी म्हणतो. आजीला मात्र कोणी तसे म्हटले नाही. ती बिचारी दात घासत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धूरविरहित तंबाखूला मनुष्यात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरविले आहे. गरोदरपणी अशी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची जन्मतात, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. तंबाखू घातलेली टूथपेस्ट व टूथपावडर बनविण्यास व विकण्यास भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. परंतु कायदा कारखान्याच्या डबीपर्यंत पोहोचतो. घरच्या तव्यापर्यंत तो कसा पोहोचणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील साधारण चौघांत एक प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखू वापरताना आढळली. खर्रा खाणाऱ्या तरुणांवर भाषणे होतात, ती योग्यच आहेत. पण ओसरीवर पाठमोरी बसून मिश्री लावणारी आई त्या भाषणात कधी येत नाही.

गेल्या वर्षी आजीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी तो तपासून घ्यायला आणि तंबाखू त्याच दिवशी बंद करायला सांगितले. तपासणीत सुदैवाने वाईट काही निघाले नाही. मात्र "बंद करा" म्हटल्याने पन्नास वर्षांची सवय बंद होत नाही. म्हणून घरी मंजन करून तिच्याच जुन्या डबीत भरून दिले. बोट तेच, ओसरी तीच, डबी तीच. आतली वस्तू निराळी. पहिले आठ दिवस तिने मला आणि माझ्या कॉलेजला भरपूर शिव्या दिल्या. आज मिश्री तीन वेळांवरून एका वेळेवर आली आहे. ती एक वेळ अजून उरलीच आहे. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी तंबाखू सोडण्यासाठी असलेला १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा.

बाजारातील मंजनांचा इतिहासही मनोरंजक आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत १९५२ साली 'विको'ची सुरुवात दंतमंजनापासूनच केली. पुढे मंजन हे औषध की प्रसाधन, असा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ साली बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला न्यायालयाने औषध मानले नाही. सामान्य माणूस त्याकडे औषध म्हणून पाहत नाही, असे कारण दिले. २००४ साली 'विको'च्या बाजूने मात्र उलट निकाल लागला. एवढ्या मोठ्या न्यायालयाला जे ठरवायला इतकी वर्षे लागली, त्यावर आमच्या गल्लीतले लोक रोज सकाळी पाच मिनिटांत निकाल देतात! असो.

घरच्या मंजनाची मर्यादाही येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. दात किडतात ते तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात म्हणून, आणि त्यापासून दातांचे रक्षण करणारा सिद्ध झालेला पदार्थ म्हणजे पेस्टमधील फ्लोराइड. झाडपाल्याच्या चूर्णात ते काम करण्याइतके फ्लोराइड नसते. म्हणून लहान मुलांचे दात केवळ घरच्या मंजनावर सोडू नयेत. रात्री पेस्ट आणि सकाळी मंजन, अशी वाटणी आमच्या घरी आहे. उलट शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक नसावे. लहानपणी असे पाणी पोटात गेले तर दातांवर पडणारे तपकिरी डाग आतले असतात. ते कोणत्याही मंजनाने निघत नाहीत, फक्त रगडणारा दमतो. हलणारा किंवा ठणकणारा दात मंजनाने बरा होत नाही. त्याला दंतवैद्यच हवा.

एवढे समजून ज्यांना मंजन करायचे असेल त्यांच्यासाठी आमची रीत देतो. बाभळीच्या सालीचे चूर्ण चार चमचे, कडुनिंबाच्या सावलीत वाळविलेल्या पानांचे दोन, बी काढलेल्या हिरड्याचे दोन, सैंधव एक चमचा आणि पाच-सहा लवंगा. बाभूळ व हिरडा यांत टॅनिन असते, ज्याने कातडे कमावतात तेच. त्यामुळे हिरड्या आवळल्यासारख्या होतात. लवंगेतील युजेनॉल ठणका थोडा बधिर करते. अंगाला पांढरेपणा हवा असल्यास औषधी दुकानातील शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट चार चमचे मिसळावे. वर्गातला खडू मात्र कुटू नये, तो बहुधा जिप्समचा असतो. तुरटी पुष्कळजण घालतात. तिचे पाणी आंबट असते आणि आम्ल दाताला मारक, म्हणून आम्ही ती सोडली.

खरे काम कुटण्यात नाही, गाळण्यात आहे. चूर्ण पिठाच्या चाळणीतून नव्हे, धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळावे. मग काचेच्या तुकड्यावर चिमूटभर घेऊन ओल्या बोटाने घासावे. काचेवर चरा उठला तर ते चूर्ण दातांना लावायचेच नाही. चरा उठला नाही तरी हात हलकाच ठेवावा. पावसाळ्यात सैंधवाला ओल सुटून गोळे होतात, तेव्हा एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच करावे. डबीत ओले बोट घालू नये. चिमूटभर तळहातावर घ्यावे.

सालीबद्दल एक सांगायचे राहिले. उभ्या बाभळीच्या खोडाची साल भोवताली सोलली तर झाड वाळते. उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळी छाटतात, तेव्हा पडलेल्या फांद्यांची साल ओली असतानाच काढून घ्यावी. काटे कुंपणाला जातात, लाकूड चुलीला, आणि पसाभर सालीत घराचे सहा महिन्यांचे मंजन होते.