पाण्याखालचा शेतकरी

'शेतकरी' हा शब्द उच्चारला की नांगर, बैलजोडी आणि काळी माती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्याच्याजवळ नांगर नाही, बैल नाहीत, इतकेच काय पण हातही नाहीत, असा एक शेतकरी उष्ण कटिबंधातील समुद्रात राहतो. तो आहे वीतभरही न भरणारा एक मासा! कला शाखेच्या विद्यार्थिनीने माशांवर का लिहावे, असे कोणी विचारील. भूगोलात प्रवाळभित्तींचा अभ्यास करताना या माशाची ओळख झाली, आणि मी शेतकऱ्याच्या घरची असल्यामुळे ती ओळख तिथेच थांबली नाही.

प्रवाळ हे अगदी लहान सागरी प्राणी. ते आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. हजारो वर्षे असे थरांवर थर चढत जाऊन समुद्रात जो खडक तयार होतो, ती प्रवाळभित्ती. तिच्या कपारींतून जी असंख्य माशांची वस्ती असते, तिच्यात 'पोमासेंट्रिडी' हे एक मोठे कुळ आहे. इंग्रजीत यांना डॅमसेलफिश म्हणतात. या कुळात सुमारे ४०० जाती असून बहुतेक मासे आकाराने लहानच असतात. सी-अ‍ॅनिमोन या प्राण्याच्या विषारी शुंडांमध्ये निर्धास्तपणे राहणारा रंगीत क्लाउनफिश याच कुळातला. काही जाती पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खाऊन जगतात, तर काही शेवाळावर जगतात. या शेवाळ खाणाऱ्यांतच आपला शेतकरी आहे.

त्याचे शास्त्रीय नाव स्टेगास्टिस निग्रिकान्स. रंग काळपट तपकिरी; दिसण्यात देखणेपण नाही. लाल समुद्रापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत तो आढळतो. खडकावरचा एक लहानसा तुकडा तो आपला मानतो आणि त्यावर शेवाळ वाढू देतो. दुसरा शेवाळखाऊ मासा जवळ आला की धावून जातो. स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या माशाला तो भीत नाही. पाणबुड्या माणसाच्या हातालाही चावे घेतो. नर आणखी एक राखण करतो. मादीने खडकावर चिकटवलेली अंडी फुटेपर्यंत तो सांभाळतो आणि परांनी त्यांना वारा घालावा तसे पाणी घालतो.

नुसती राखण म्हणजे शेती नव्हे, हे खरे. परंतु हिरोकी हाता आणि माकोतो कातो या जपानी संशोधकांनी ओकिनावातील प्रवाळभित्तींवर या माशाचा अभ्यास केला. त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या माशाच्या खुरपणीचे वर्णन आहे. या माशाला राठ शेवाळ पचत नाही. ते दळून काढणारा अवयव त्याच्या पोटात नाही. म्हणून नको असलेले शेवाळ तो तोंडाने उपटतो आणि शेताच्या हद्दीबाहेर नेऊन टाकतो. मागे उरते ते पॉलिसायफोनिया नावाचे मऊ, तांबूस, धाग्यांसारखे शेवाळ. आपल्याकडे जोंधळ्याच्या रानात जोंधळाच दिसावा, तसे त्याच्या रानात एकच पीक दिसते.

मग या संशोधकांनी मासा शेताबाहेर ठेवून पाहिले. धनी गेला तसे रान मोडले. इतर माशांनी ते चरून टाकले, आणि जिथे चरणाऱ्यांनाही अटकाव केला होता तिथे तणाने पिकावर मात केली. २००६ साली त्यांनी याहून विलक्षण गोष्ट मांडली. या शेतांतली पॉलिसायफोनियाची जात शेताबाहेर त्यांना आढळलीच नाही. पिकावाचून मासा उपाशी आणि माशावाचून पीक नाहीसे, असे हे एकमेकांवाचून अडलेले संसार आहेत.

खताची गोष्ट तर याहून नवलाची. मध्य अमेरिकेतील बेलीझच्या किनाऱ्याजवळ याच माशाचा एक भाऊबंद राहतो. त्याच्या शेतावर जवळ्यासारखे दिसणारे मायसिड नावाचे जीव थव्याने असतात. एरवी समोर येईल ते हुसकावणारा हा मासा त्यांना मात्र राहू देतो आणि त्यांच्या शत्रूंना पळवून लावतो. त्यांच्या विष्ठेचे खत शेवाळाला मिळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या शेतावर मायसिड होते ते मासे अधिक धष्टपुष्ट आढळले. संशोधकांनी याची तुलना माणसाने जनावरे माणसाळवण्याशी केली आहे.

मात्र या शेतकऱ्याची केवळ स्तुतीच करून चालणार नाही. याच्या काही भाऊबंद जाती शेत वाढवण्यासाठी जिवंत प्रवाळाला चावे घेऊन मारतात आणि त्या जागी शेवाळ धरतात. रान तोडून शेत करावे, तसाच हा प्रकार. पुन्हा एकट्याची राखण किती पुरणार? पनामाजवळ पोपटमाशांचे थवेच्या थवे अशा शेतांत शिरतात, हे १९७६ साली नोंदले गेले आहे. राखणदार एकाला हाकलतो, तोवर बाकीचे चरून जातात. उभ्या पिकात गुरे शिरलेली ज्याने पाहिली असतील, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता मला जे म्हणायचे आहे ते असे. हा मासा नांगरत नाही, पेरत नाही. शेतजमिनीचा उतारा तर त्याच्या नावावर नाहीच नाही. तरीही जगातले विद्वान त्याला शेतकरी म्हणतात. कशाच्या बळावर? तो तण काढतो, राखण करतो आणि खताची सोय धरून ठेवतो म्हणून. आमच्या गावात ही तिन्ही कामे बहुतांशी बायका करतात. पहाटे शेण भरणारी, दिवसभर वाकून खुरपणारी, भर उन्हात पाखरे हाकणारी माझी आई कधी शाळेत गेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अर्जात वडिलांच्या नावापुढे व्यवसाय 'शेती' असा पडतो आणि आईच्या नावापुढे 'घरकाम'. एका माशाला त्याचे काम पाहून शास्त्राने जी पदवी दिली, ती आपल्या आयाबहिणींना द्यायला आपण का कचरावे?

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे अर्ज दरवर्षी भरले जातात. तो रकाना भरताना लेखणी क्षणभर थांबवावी आणि घरातल्या शेतात खुरपे कोणाच्या हाती असते, याचा विचार करावा, एवढीच विनंती.