उतारवयातील घटस्फोट : कायदा आणि पैसा

साठीतले जोडपे संयुक्त खाते बंद करायला येते, तेव्हा आम्ही बँकवाले संकोचाने मान खाली घालून अर्ज पुढे करतो. वास्तविक खाते ही सर्वांत सोपी बाब.

विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला नसेल, तर बौद्धांनाही 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो. हे आपल्यातील पदवीधरांनाही ठाऊक नसते. एक वर्ष वेगळे राहिल्यावर कलम 13-ब खाली परस्परसंमतीने अर्ज करता येतो. नंतरचा सहा महिन्यांचा थांबा न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवले.

खरी गोम पैशाची आहे. पतीच्या नावावरील घराचे आपोआप दोन वाटे होत नाहीत. घटस्फोटित पत्नी त्याची वारस राहत नाही. तो केंद्र सरकारी नोकर असेल तर त्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनही तिला मिळत नाही. तीस वर्षे संसार केलेल्या बाईचे म्हातारपण बहुधा यावरच विसंबून असते. म्हणून कलम 25 खालील कायम पोटगीचा आकडा ठरवताना हे नुकसान मोजलेच पाहिजे. नुसत्या न्यायिक विभक्तीने विवाह मोडत नाही. काही जणींना तोच मार्ग बरा पडतो.

याउलट ठेवीवरील जुने नामनिर्देशन घटस्फोटाने पुसले जात नाही, अर्ज देऊन बदलावे लागते. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील तर आपसातला समझोता बँकेला बांधत नाही. हप्ता थकला की नोटीस दोघांनाही जाते, आणि ती टाईप करण्याचे काम आमच्याकडेच येते.