मोटारसायकलचा चोक : वापर एका मिनिटाचा, खर्च वर्षाचा

आपल्यापैकी फेरीवाले, कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करणारे आणि कारागीर बंधू यांच्याकडे आजही जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्या पुष्कळ आहेत. फज्रच्या नमाजनंतर थंडीत गाडी काढायची तर चोक लागतोच. पण तो ओढतात सर्व, बंद करण्याचे भान थोड्यांनाच असते.

इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही. हवेत मिसळून जळण्याजोगे पेट्रोल कमी पडते व गाडी किक घेत नाही. चोक ही उणीव भरून काढतो. काही कार्बोरेटरमध्ये तो हवेची वाट अडवतो, काहींत पेट्रोलची जादा वाट उघडतो. या दुसऱ्या प्रकारात रेस दिली की चोकचा परिणामच निघून जातो. म्हणून चोक ओढावा, मूठ अजिबात पिळू नये आणि किक मारावी. गाडी सुरू झाली की चोक निम्मा करावा आणि अर्ध्या-एक मिनिटात पूर्ण बंद करूनच निघावे. दुपारी गरम गाडीला चोक देऊ नये.

ताण्याच्या सुताला खळ लागते तितकीच द्यावी, तसेच हे आहे. चोक उघडा राहिला तर अ‍ॅव्हरेज घटते, प्लग काजळीने काळा पडतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन खाली उतरते. ऑईल पातळ होते आणि रिंगा, बोअर झिजतात. मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला 100 रुपयांच्या वर गेले. अशा दिवसांत हा शुद्ध इसराफ आहे.

किक मारून मारून पेट्रोल ओव्हर झाले तर चोक बंद करावा, मूठ पूर्ण पिळून धरावी आणि पाच-सहा किक माराव्यात. तरीही न झाल्यास प्लग काढून पुसावा.

धुराकडेही लक्ष द्यावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर पाहून कुणी मिस्त्री एकदम इंजिन खोलायला सांगत असेल, तर आधी चोकची पट्टी किंवा केबल अडकली आहे का ते पाहण्यास सांगावे. त्याबरोबर एअर फिल्टरही पाहावा. हे काम थोडक्यात होते, इंजिनाच्या कामात मात्र महिन्याची कमाई जाऊ शकते.

जुनी गाडी विकत घेताना मालकाला आधीच सांगावे की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून थंड असल्याची खात्री करावी. गरम झाल्यावरही जी गाडी चोकशिवाय चालत नाही, तिच्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा असतो किंवा कुठून तरी हवा खेचली जाते. तेवढी किंमत कमी करून मागावी.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे, त्यांना हाताचा चोक नसतो. चावी फिरवून क्षणभर थांबावे आणि मग स्टार्टर दाबावा.