माठ वाजवून घ्यावा

होळी झाली की मुंबईच्या उपनगरांत माठ दिसू लागतात. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कोठेही बाजारात जा. रस्त्याच्या कडेला माठांच्या उतरंडी रचलेल्या असतात.

घाटकोपरला आम्ही एका बाईंना माठ घेताना पाहिले. त्यांनी रंगीत फुले काढलेला माठ उचलला. माठवाले बाबा म्हणाले, "ताई, रंग काय बघता? वाजवून बघा." बाईंनी माठावर टिचकी मारली. आवाज बद्द आला. दुसरा माठ वाजवला. तो खणखणीत वाजला. पहिल्या माठाला बुडाजवळ केसाएवढी चीर होती. ती डोळ्यांना दिसली नव्हती, कानांना कळली.

ही परीक्षा आपल्याकडे जुनीच आहे. तेरचे गोरोबाकाका कुंभार होते. संत जमले असताना मुक्ताबाईंनी त्यांना विचारले, यांत कच्चे मडके कोणते? गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. नामदेव रागावले, म्हणून ते कच्चे ठरले. ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. पण थापटणे काही मडकी तपासण्याचे हत्यार नव्हे. ते मडकी घडवण्याचे हत्यार आहे.

माठ चाकावर होतो, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. चाकावर माठाचे तोंड होते आणि खाली जाड, बुटके अंग होते. ते दोऱ्याने कापून घेतात. सावलीत थोडे सुकू देतात. मग कुंभार एक हात आत घालतो. त्या हातात गोल, गुळगुळीत गुंडा असतो. दुसऱ्या हाताने तो बाहेरून थापटणे मारतो. आत गुंडा, बाहेर थापटणे, मध्ये माती. थापेगणिक माठ फुगतो, भिंत पातळ होते, बूड गोल होते. थाप जोरात बसली तर माती फाटते. हलकी बसली तर भिंत जाड राहते. भिंत किती पातळ झाली ते मोजायला पट्टी नसते. कुंभाराच्या हातालाच ते कळते.

चीन देशात यीशिंग नावाचे शहर आहे. तेथे सुमारे ५०० वर्षे चहाच्या मातीच्या किटल्या हाताने घडवतात. उत्तम किटलीला चाक लागत नाही. माती ठोकून भाकरीसारखी पसरतात. तिची पट्टी कापून गोल जोडतात. मग थापटण्यासारख्याच लाकडी फळीने ठोकून किटलीला पोट आणतात. तोटी, कान आणि झाकण वेगळे करतात. झाकण फार नेमके बसते. त्यावर बारीक भोक असते. चांगल्या किटलीचे ते भोक बोटाने दाबले, तर तोटीतून चहा पडायचा थांबतो. कारण आत हवा शिरत नाही. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, ती याचसाठी! त्या किटलीच्या तळाशी कारागिराचा शिक्का असतो. नावाजलेल्या कारागिराच्या किटलीला लाखो रुपये पडतात. आपल्या माठावर कुंभाराचे नाव नसते.

किटली झिरपली तर वाया गेली. माठ मात्र झिरपलाच पाहिजे. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना माठातली उष्णता जाते, म्हणून पाणी गार होते. मुंबईची हवा दमट. येथे वाफ कमी होते, म्हणून देशावर होते तितके गार पाणी येथे होत नाही. त्यात कुंभाराचा दोष नाही. माठाला बाहेरून तेलरंग लावला तर छिद्रे बुजतात. शोभा येते, गारवा जातो.

बाईंनी दहा रुपये कमी करायला सांगितले. बाबा म्हणाले, "ताई, भट्टीतले सगळे माठ धड निघत नाहीत. फुटलेले कोण घेणार?" बाईंनी पुढे घासाघीस केली नाही.

"आज रात्रभर भरून ठेवा," बाबांनी सांगितले. "ते पाणी झाडांना घाला. मग प्यायचे भरा. आतून काथ्याने घासा, साबण नको. वर झाकण ठेवा. आणि पाणी ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका."

बाईंनी माठ कमरेवर घेतला. जाताजाता त्यांनी आणखी एकदा टिचकी मारून पाहिली.