एकच 'ल', दोन वळणं : लिनक्सवरचे मराठी फॉन्ट



पेणला उबुंटूवर तयार केलेली पहिलीची कृतिपत्रिका रोह्यात फेडोरावर उघडून छापली. दुसऱ्या दिवशी एका आईने विचारलं, "बाई, यातला 'ल' वेगळाच का? पोरगा घरी तसाच गिरवतोय." टायपिंग तर तेच होतं!

असं का होतं?

संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये 'ल'चा क्रमांक ०९३२. मराठीला तोच, हिंदीलाही तोच. चित्र असतं फॉन्टमध्ये. आपल्या पेणच्या गणपतींचंच बघा ना, साचा एक असला तरी हात बदलला की डोळ्यांची आखणी बदलते. प्रत्येक लिनक्स डिस्ट्रोसोबत येणारे फॉन्ट आणि त्यांचा पसंतीक्रम सारखा नसतो. फाइलमधला फॉन्ट त्या संगणकावर नसेल, तर सिस्टीम दुसरा लावते. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची सेटिंगही वेगळी असू शकते, म्हणून शिरोरेषा कुठे ठळक तर कुठे पुसट दिसते.

बिघडतं काय?

मराठी वळणाचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. हिंदी वळणाचा 'ल' दंडाचा, 'श' गाठीचा. शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितला आहे. मोठ्यांना दोन्ही वाचता येतात. पहिलीतलं मूल मात्र दिसेल तेच गिरवतं, आणि आपण त्यावर लाल शाईने गोल करतो. चूक त्याची नसतेच.

काय करावं?

१. 'लोहित मराठी' हा मोफत फॉन्ट टाकून घ्या. तो रेड हॅट कंपनीने पुरवलेल्या लोहित मालिकेतला आहे. लोहित म्हणजे लाल!

२. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा कळली तरच मराठी रूप उमटतं.

३. दुसरीकडे पाठवताना पीडीएफ करा. फॉन्ट त्यातच जातो.

४. छापण्याआधी 'लाल शाल, दऱ्या, पुऱ्या' एवढं टाइप करून डोळ्यांखालून घाला.

वर्गातला उपक्रम

ताई-दादाचं हिंदीचं पुस्तक आणि आपलं बालभारती शेजारी ठेवा. मुलांना दोन्हींतले 'ल' शोधू द्या. मग सांगा, "अक्षर एकच, वळणं दोन. आपण मराठीत लिहिताना हे वळण वापरायचं."

कृतिपत्रिका तपासताना वेगळा 'ल' दिसला, तर आधी आपली छापील प्रत बघा, मग मुलाची वही.