पडवीतील जादा अवजारे

पुष्कळ शेतकऱ्यांच्या पडवीत विळे, खुरपी, कुदळी, कुऱ्हाडी यांचा ढीग साचलेला असतो; ऐन खुरपणीत मात्र त्यांतले एकही धड सापडत नाही व नवे विकत आणावे लागते. यास्तव पावसापूर्वी हा ढीग एकदा उपसावा. घरात राबणारे हात मोजून तितकी, व एकदोन अधिक, अवजारे ठेवावीत. गंज विटेच्या तुकड्याने घासून काढावा आणि लोखंडास तेलाचा हात द्यावा. दांड्यास जवसाचे तेल चोळावे.

कुऱ्हाडीच्या नेढ्यात अडकलेला मोडका दांडा काढण्यासाठी ती चुलीत घालण्याची चाल आहे. ती घातक होय. त्यायोगे धारेचे पाणी उतरते आणि पुढे लाकडावर घाव घालताच धार दुमडते. अडकलेला तुकडा भोके पाडून ठोकून काढावा व बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचा नवा दांडा बसवावा.

झिजलेली कुदळ मोडीत घालण्याची घाई करू नये. लोहाराकडून तोंडास पोलाद जोडून घेतल्यास ती पुन्हा कामास येते. जुन्या कानशीचेही, लोहार जाणता असल्यास, उत्तम खुरपे होते. एवढे करून जी धड अवजारे उरतील ती शेतमजुरास किंवा शाळेच्या बागेस द्यावीत. मूठ निखळलेला विळा मात्र तसाच देऊ नये. आधी मूठ पक्की करून घ्यावी.